बाभळीवरची डावी खूण

बाभूळ फुललीय.

सकाळी बागेच्या फाटकातून आत शिरलो तर आधी वास आला, मग पिवळं दिसलं. बाभळीच्या फुलाला वास असतो हे आता माणसांना सांगावं लागतं. मोगऱ्यासारखा तो अंगावर येत नाही. ओळखीचं माणूस ओळख न दाखवता जवळून निघून जावं तसा जातो. बारके बारके गोंडे, पिवळेजर्द, बोटात चुरडले की बोटाला हळद लागल्यासारखी दिसते.

पाऊस मागे सरला, उन्हाला धार आली, की हे झाड फुलतं आणि माझ्या छातीतला राग फुलतो. माझ्या वयाची माणसं बाकावर बसून म्हणतात, पांडुरंगराव, वय झालं की राग निवतो. त्यांचा निवला असेल. माझा निवला नाही, आणि निवावा अशी माझी इच्छाही नाही. कोणी दारात तुळस जपतं, मी राग जपला. त्याला पाणी घातलं, उन्हात ठेवला, किडू दिला नाही. कारण मला एकच गोष्ट हवी होती. या जमिनीवर बाभूळ उभी राहायला हवी होती आणि तिच्यावर माझ्या बापाची खूण दिसायला हवी होती. बाकी देवाकडे मी काही मागितलं नाही.

ही जमीन म्हणजे आता टॉवर. कॉटन ग्रीनच्या पलीकडे, गोदामं संपतात तिथून खाडीकडे जाताना लागतो तो. पुढे बाग. बाग सकाळी सगळ्यांना खुली ठेवायची अशी टॉवरवाल्यांना अट आहे म्हणतात, म्हणून लालबागच्या चाळीतला माझ्यासारखा माणूस तिथल्या बाकावर बसू शकतो. हिवाळ्यात इकडे शिकली-सवरलेली माणसं गळ्यात दुर्बिणी अडकवून येतात, खाडीतल्या गुलाबी पक्ष्यांचे फोटो काढायला. पक्षी चांगलेच आहेत. पण ते पाहुणे. घरचे कोण होते, ते या माणसांना कोणी सांगितलं नाही.

घरचे असे होते. खाडीच्या चिखलात तिवरं, आणि तिवरं संपून जमीन जरा वर चढली की बाभळीचं रान. रान म्हटलं तर आजची पोरं हसतील. आमचा कोळीवाडा त्या रानाच्या अलीकडे, दहा-बारा घरांचा, आता कुठल्या नकाशातही सापडायचा नाही. पण आमच्यासाठी ते रानच होतं. बाभूळ काही वडासारखी सावली देत नाही. तिची सावली चाळणीतून पडल्यासारखी, अंगावर ऊन आणि सावली दोन्ही खेळतात. खाली वाळलेले काटे, पांढरे, जोडी-जोडीने. अनवाणी चालायचं तर पाय टेकवायचा नाही, ठेवायचा. ती चाल अजून माझ्या पायात आहे. सून म्हणते, मामंजी घरात चोरासारखे चालतात.

पाण्यावर ओणवलेल्या फांद्यांना सुगरणींचे खोपे लोंबायचे. वारा आला की सगळं घरदार झुलायचं. भारद्वाज झुडपातून घुमायचा, दिसायचा मात्र फारच क्वचित. मुंगूस तर आमच्या मासळीचा हिस्सेदारच होतं. वाळत घातलेल्या बोंबलांखाली येऊन दोन पायांवर उभं राहायचं आणि आमच्या आयेशी नजरेला नजर भिडवायचं. आये त्याला भाऊजी म्हणायची. आले बघा भाऊजी, द्या त्यांना एखादा, नाहीतर रुसतील. सरडे फांदीवर माना हलवत बसायचे. तिन्हीसांजेला तिवरांतून कोल्हे ओरडायचे आणि वाड्यातली कुत्री त्यांना उत्तर द्यायची.

आणि खाटीक. हा पक्षी बुलबुलाएवढाच, पण डोळ्यांवर काळी पट्टी ओढलेली, दरोडेखोरासारखी. पाऊस ओसरला की यायचा आणि एकच फांदी धरून बसायचा. नाकतोडा दिसला की झडप घालायची, उचलायचा, आणि बाभळीच्या काट्यावर खुपसून ठेवायचा. खायची घाई नाही. लहानपणी मला वाटायचं, काय दुष्ट जात आहे. बापूस म्हणाला, दुष्ट नाही रे. त्याची चोच घारीची आहे, पण पाय चिमणीचे. पायात पकड नाही. भक्ष्य धरून ठेवायला त्याला काटा लागतो.

बापूस फार बोलायचा नाही, हे मात्र बोलला. मी ते विसरलो नाही.

बापसाचं नाव हिराजी. उंच, काळा, पाठीला जराशी वाकण. डावरा होता. वल्हं डाव्याने, कोयती डाव्याने, पोराच्या कानफटात तीही डाव्याने. वाड्यात कोणी काही उलटं केलं की म्हणायचे, हिराजीच्या हाताने केलंस काय. त्यालाही हसू यायचं.

तेव्हा जाळी सुताची असायची, आजच्यासारखी नायलॉनची नाही. सुताचं जाळं खाऱ्या पाण्यात कुजतं. म्हणून त्याला बाभळीची साल पाजायची. मोठ्या तांब्याच्या भांड्यात साल ठेचून उकळायची, पाणी तांबडंलाल व्हायचं, त्यात जाळी बुडवून ठेवायची आणि मग बांबूवर वाळत टाकायची. सगळा वाडा तांबडा दिसायचा. हात तांबडे, अंगण तांबडं, लुगड्यांचे काठ तांबडे. तुरट वास असा की जिभेला नुसत्या हवेने कोरड पडायची. साल पाजलेलं जाळं कितीही ओढा, तुटायचं नाही. सालच नसेल तर जाळं नाही, जाळं नाही तर होडी नुसती पाळण्यासारखी डुलायची.

म्हणून रानाला कायदा होता. कोणी लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता. झाडाची साल काढायची ती फक्त खाडीकडच्या अंगाने, तळहाताएवढी रुंद पट्टी. जास्त नाही. मग त्या झाडाला पुढची काही वर्षं हात लावायचा नाही. झाड आपली जखम आपणच भरून काढतं, वरून डिंकाचं कुलूप लावतं. पण झाडाच्या भोवतीने गोल साल काढली, म्हणजे त्याला कडं घातलं, तर झाड उभ्या उभ्या मरतं. कडं घालणं म्हणजे आमच्यात खून.

आणि कोणी कुठल्या झाडाची साल काढली ते कळावं म्हणून घराघराची खूण होती. पट्टीच्या वरच्या टोकाला घाव घालायचा तो ज्याच्या त्याच्या पद्धतीचा. कोणाचा आडवा, कोणाचे दोन, आमचा तिरका. बापूस डावरा, त्यामुळे आमचा तिरका घाव डावीकडून आत शिरायचा. डावीकडे खोल आणि उजवीकडे निमुळता. घाव सगळे घालतात, पण हा घाव दुसऱ्याच्या हाताने उतरत नाही. हे वाड्यात सगळ्यांना माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मला राग आहे.

मग ते दिवस आले. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. परळ, लालबाग, गिरगाव, जिकडे बघावं तिकडे माणसंच माणसं. भिंतींवर चुना, चुन्यावर गेरू, गेरूवर घोषणा. गिरण्यांचे भोंगे वाजायचे आणि माणसं आत जाण्याऐवजी बाहेर यायची. मी मिसरूड फुटलेला पोरगा नव्हतो, बाप्या झालो होतो, घोषणा देऊन आवाज बसलेला. सत्याग्रहाच्या तुकडीत नाव दिलं. बापसाला सांगितलं तर तो जाळं विणत होता. मान वर न करता म्हणाला, जा. फक्त साल काढायच्या वेळेला परत ये.

आम्हाला धरलं, तुरुंगात घातलं. तुरुंगात गेलो त्याचं मला तेव्हाही दुःख नव्हतं, आताही नाही. पण वाड्यातले माझ्यासारखे जेवढे धट्टेकट्टे होते तेवढे आम्ही सगळे आत होतो. रानाकडे बघायला म्हातारे, बाया आणि पोरं उरली.

सुटलो तेव्हा फाटकाबाहेर हार घातले. पेढा तोंडात कोंबला. वाड्यावर आलो तर रान पांढरं झालेलं. बाभूळ मेली की काळी होत नाही, राखाडी पांढरी होते. पानं गळलेली, फक्त काटे उरलेले. पाण्यावरच्या फांद्यांना सुगरणींचे खोपे तसेच लोंबत होते, रिकामे. आत जाऊन बघितलं तर एकेका झाडाच्या कमरेला कडं. गोल, पूर्ण, आतलं लाकूड उघडं पडलेलं. आणि प्रत्येक कड्याच्या वर एक तिरका घाव. आमची खूण.

घरी आलो तर चूल थंड. काय घडलं ते सांगितलं शेजारच्या म्हातारीने, तेही तोंड फिरवून, कारण आमच्याशी बोलायचं नव्हतं. वाड्याने आम्हाला वाळीत टाकलं होतं. हिराजीने हावरटपणा केला, एकट्याने सगळी साल काढून बाजारात नेली, रान मारलं, असा निवाडा झाला होता. बापूस ओट्यावर बसला होता. डावा हात मांडीवर उलटा पडलेला, जसा कोणी परत करून टाकलाय.

मी वाड्याच्या पाटलाला हाताला धरून रानात नेलं. म्हटलं, काका, घाव बघा. कुठे खोल आहे? त्याने बघितलं. घाव उजवीकडे खोल होता. उजव्या हाताने घातलेला. आमच्या खुणेची नक्कल केली होती कोणीतरी, पण नक्कल करणाऱ्याला वाटलं की तिरका म्हणजे झालं. पाटलाने बोट लावून बघितलं, बोट परत घेतलं आणि म्हणाला, "झाडं तर मेली ना. आता कोणत्या हाताने मेली ते बघून काय करतोस?"

एवढं एक वाक्य. त्या वाक्याला मी आयुष्यभर चावत आलोय.

वाड्याला कोणीतरी हवा होता. जाळी कुजत होती, माणसं चिडलेली, आणि बापूस गरीब स्वभावाचा. निवाडा एकदा केला की फिरवायला लाज वाटते. त्या लाजेपायी माझ्या बापसाची होडी ओढायला कोणी हात लावला नाही. नारळी पौर्णिमेला सगळ्यांचे नारळ वाजत-गाजत दर्याला गेले, आमचा नारळ आयेने मागच्या बाजूने एकटीने जाऊन सोडला.

उभं झाड तोडायची कोणाला मुभा नव्हती. मेलेलं झाड कोणीही न्यावं. उन्हाळ्यात बैलगाड्या आल्या, गाड्या भरभरून पांढरी बाभूळ गेली, आणि सगळ्या गाड्या एकाच दारात गेल्या. दामूशेठच्या वखारीत. बाभळीचं जळण चांगलं पेटतं, कोळसा चांगला पडतो. रान मोकळं झालं तसं दामूशेठने तिथे कुंपण घातलं, मग छप्पर घातलं, मग ती जमीन त्याची झाली. कशी झाली ते मला विचारू नका, माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. मला एवढंच समजतं की झाडं होती तोवर ती कोणाची नव्हती.

दामूशेठ आपलाच माणूस. मराठी. मोर्चात पुढे असायचा, पांढरी टोपी, हातात झेंडा, सत्याग्रहींना चहा पाजायला वखारीपुढे चूल लावलेली. ती चूल कशावर पेटत होती ते मला नंतर कळलं. महाराष्ट्र मिळाला त्या दिवशी लालबागला माणसांच्या डोळ्यांना धारा होत्या. माझ्याही होत्या. त्याच गर्दीत दामूशेठ परात घेऊन पेढे वाटत होता. माझ्या हातावरही ठेवला. म्हणाला, घे रे पांडू, तुमच्यासारख्या पोरांनी मिळवलं हे. मी तो पेढा खाल्ला नाही. रस्त्यातल्या कुत्र्याला घातला. एक राज्य मिळालं आणि एक रान गेलं, आणि दोन्हीचे पेढे एकाच परातीत.

तोवर आम्ही लालबागच्या चाळीत एका खोलीत आलो होतो. मी गिरणीत लागलो. बापूस गॅलरीत बसायचा आणि समोरच्या भिंतीकडे बघायचा. खाडीचा माणूस भिंतीकडे किती दिवस बघेल? गेला. वाड्यावर निरोप धाडला, एक माणूस आला नाही. खांदा दिला तो आमच्या मजल्यावरच्या कांबळ्यांनी. त्यांनी नुकताच बुद्धाचा धर्म घेतला होता. तात्या कांबळे आले, कोणी बोलावलं नव्हतं. बाह्या वर केल्या आणि म्हणाले, पांडू, पुढे मी होतो, तू डाव्या बाजूला धर. वाळीत टाकलेल्या माणसाला कसा खांदा द्यायचा ते त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही.

खरं काय ते कळलं त्यानंतर. गोविंद म्हणून दामूशेठचा गाडीवान होता. वखारीतून काढून टाकल्यावर तो एकदा गिरणीच्या दरवाजाशी मला भेटला, भर दुपारी, बिडी मागायला. बिडी ओढता ओढता हसून म्हणाला, "झाडांना कडं घालून वर तुझ्या बापाची खूण मीच घातली रे. शेठ म्हणाला, कोळ्याचीच खूण घाल म्हणजे ते आपसात भांडतील. ते डाव्या हाताचं मला काय माहीत?" तो हसत होता कारण त्याला ती गंमत वाटत होती. मी त्याला दुसरी बिडी दिली. डाव्या हाताने दिली की उजव्या ते आठवत नाही.

घरी येऊन कोयती काढली. आये दारात आडवी उभी राहिली. ओरडली नाही. म्हणाली, "तू फासावर गेलास तर म्हणतील, बघा, हिराजीचं घरच तसं होतं."

कोयती परत खुंटीला लावली. त्या बाईने दामूशेठचा जीव वाचवला असं काही जण म्हणतील. तिने माझ्या बापसाचं नाव वाचवलं. पण मग माझ्याकडे उरलं काय? वखारीत बारा माणसं, मी एकटा. पायात पकड नाही. त्या दिवशी मला खाटीक आठवला. मला काटा लागणार होता.

मी आधी डावा हात तयार केला. मी जन्माचा उजवा. मिरजेच्या बाजूचा एक सुतार चाळीखाली बसायचा, त्याच्याकडून फळकुटं आणायची आणि रविवारी गॅलरीत बसून डाव्या हाताने तिरका घाव घालायचा. डावीकडे खोल, उजवीकडे निमुळता. पोरं हसायची, बायको म्हणायची, लाकडाचा सत्यानाश चाललाय. सुरुवातीला घाव माझ्याच अंगठ्यावर यायचे. मग यायला लागला. बापसाच्या हाताचा घाव माझ्या हातातून यायला लागला तेव्हा मी ते फळकूट चुलीत घातलं नाही, उशाखाली ठेवलं.

पुढे गिरणी संपात बंद पडली ती उघडलीच नाही, आणि हात मोकळे झाले. तेव्हा पेरणी सुरू केली. बाभळीचं बी नुसतं टाकून उगवत नाही, त्याचं कवच कडक. ते बकरीच्या पोटातून जायला लागतं. शेंग दिसायला सुंदर, राखाडी, मण्यांच्या माळेसारखी, बकऱ्या तिच्यावर जीव टाकतात. रेल्वेच्या कडेला अजून चार बाभळी आहेत, तिथून शेंगा आणायच्या. आमच्या गल्लीच्या तोंडाला हनीफभाई बकऱ्या बांधतो, त्याच्या बकऱ्यांना घालायच्या. सकाळी लेंड्या गोळा करायच्या. हनीफभाई पहिल्या वेळेला माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, चाचा, दूध मागतात लोक, मांस मागतात, तुम्ही हे मागता. मी म्हटलं, दुश्मनासाठी नेतोय. तो म्हणाला, मग घेऊन जा, कमी पडलं तर सांगा.

त्या लेंड्या पिशवीत घालून दर पावसाळ्याच्या तोंडाला मी या जमिनीच्या कडेकडेने चालायचो. वखार होती तेव्हा कुंपणातून. गोदाम झालं तेव्हा फरशीच्या भेगांतून. टॉवर उठला तेव्हा बागेतून. म्हातारा फिरतोय एवढंच दिसायचं. दर वर्षी कोंब यायचे, दर वर्षी उपटले जायचे. टॉवरचा वॉचमन साळुंखे, साताऱ्याकडचा, त्याच्या लक्षात आलं. पण माणूस वस्ताद. म्हणाला, "आजोबा, यंदा पण पेरणी उरकली वाटतं? मला उपटायला सांगतात, मी उपटतो. पण पंपाच्या खोलीमागे माझी नजर जात नाही हां."

पंपाच्या खोलीमागे एक वाचली.

आता बागेची भिंत तिच्या खांद्याला लागते. दोन-तीन पावसाळ्यांत तिला काटे आले, मग गोंडे आले, मग एका सकाळी वरच्या फांदीवर काळी पट्टीवाला बसलेला दिसला. किती वर्षांनी. कुठून आला, कोणी सांगितलं त्याला? मी बाकावरून उठलो नाही. मनात म्हटलं, बापूस, आला बघ तुझा दरोडेखोर.

आणि आता मला सांगायचंय ते पुढचं. माळ्याने झाड तोडायला कुऱ्हाड आणली, तर वरून निरोप आला की तोडू नका. निरोप धाडणारा वसंतशेठ, दामूशेठचा मुलगा. मी सत्याग्रहात होतो तेव्हा हा चड्डीतला पोरगा, आता चाकाच्या खुर्चीत बसतो, बागेत सकाळी त्याला फिरवायला आणतात. त्याला ती बाभूळ आवडली. लहानपणी इथे बाभळी होत्या हे त्याला आठवलं. आणि त्याने झाडाखाली दगडी पाटी बसवली. साळुंखेने मला वाचून दाखवली, चष्मा होता तरी मला अक्षरं दिसेनाशी झाली होती. दामूशेठचं नाव, आणि खाली, या भूमीतील बाभूळवन ज्यांनी प्रेमाने जोपासले त्यांच्या स्मरणार्थ.

प्रेमाने जोपासले.

त्या रात्री मला झोप आली नाही असं मी म्हणणार नाही. मस्त झोप आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दुश्मन आपणहून काट्याजवळ आला होता.

सकाळी पंच्याच्या घडीत कोयती घेतली. बाग भरलेली होती, चालणारे चालत होते, हसण्याचा क्लब हात वर करून हसत होता. वसंतशेठची खुर्ची झाडासमोरच. मी झाडाच्या खाडीकडच्या अंगाला गेलो. तळहात लावून पट्टीची रुंदी घेतली. कोयती डाव्या हातात धरली. हात ऐंशीच्या पलीकडचा, पण घाव बरोबर उतरला. डावीकडे खोल, उजवीकडे निमुळता. मग पट्टी खाली ओढली. आतून तांबडं ओलं लाकूड दिसलं आणि तो तुरट वास नाकात गेला. सगळा वाडा नाकात गेला.

वसंतशेठ म्हणाला, "अहो, काय करताय? झाडाला का मारताय?"

"मारत नाही. साल काढतोय. खूण घातलीय."

"कोणाची?"

"माझ्या बापसाची. हिराजी कोळ्याची. तुझ्या बापाने ती चोरली होती, ती परत घेतोय."

मग मी सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. कडं सांगितलं, उजवा घाव सांगितला, गाड्या सांगितल्या, गोविंद सांगितला. हसण्याचा क्लब हसायचा थांबला होता. साळुंखे काठी टेकून उभा होता. वसंतशेठ म्हणाला, बाबा तसे नव्हते हो, ते चळवळीतले माणूस होते. मी म्हटलं, होते. चळवळीत पुढे होते. मी तुरुंगात होतो तेव्हा ते इथे होते.

मला त्याची दया आली का? खरं सांगतो, शोधली, सापडली नाही. शेवटी तो म्हणाला, पाटी काढून टाकू का?

मी म्हटलं, "नाही. पाटी राहू दे. नाव वाचायला माणसं थांबतील, वर बघतील, खूण दिसेल. मग मी आहेच सांगायला."

सालीची पट्टी घरी नेली. सुनेच्या पातेल्यात उकळली. पातेलं तांबडं झालं ते अजून पांढरं होत नाही, ती बोलते, मी ऐकून घेतो. उकळलेल्या पाण्यात बुडवायला जाळं नव्हतं. गॅलरीतली कपडे वाळत घालायची सुताची दोरी बुडवली. आता ती कुजायची नाही.

तेव्हापासून रोज जातो. कोणी पाटीसमोर थांबलं की मी बाकावरून म्हणतो, वर बघा, घाव कुठे खोल आहे सांगा. पोरंटोरं सांगतात, डावीकडे. मग मी सुरुवात करतो. साळुंखेला आता माझ्याइतकंच पाठ झालंय, मी आजारी असलो तर तो सांगतो, म्हणे वर थोडं तिखटमीठही लावतो. लावू दे.

आज सकाळी फुलांच्या वासाने आत शिरलो तर घावाच्या तोंडाशी डिंकाचा थेंब आलेला, उन्हात मधासारखा. वरच्या काट्यावर नाकतोडा खुपसलेला, हिरवा, अजून पाय हलत होते, आणि खाटीक शेजारच्या फांदीवर निवांत. खाली वसंतशेठने खुर्ची वळवून घेतली होती. झाडाकडे पाठ, तोंड टॉवरच्या भिंतीकडे.

मी उठलो, आणि भिंतीकडच्या बाकावर त्याच्या समोर जाऊन बसलो.